नकाशात न बसणारं क्वार्टर

मी राहते त्या गावात लोक उजवीकडे-डावीकडे म्हणत नाहीत. ‘कॉफीचे कप उत्तरेकडच्या कपाटात आहेत,’ असं मला ऑफिसात पहिल्या दिवशी सांगण्यात आलं आणि मी खिडकीबाहेर सूर्य शोधू लागले. बाहेर ढगाळ होतं. दोन्ही कपाटं उघडून बघता आली असती, पण कुणाचीही कपाटं उघडायची मला सवय नाही आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटला. त्या दिवशी मी कॉफी प्यायलेच नाही.

गाव कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात आहे, सपाट गव्हाच्या मुलखात, रेल्वेच्या मुख्य मार्गावर. त्याआधी दूर पूर्वेला, एटोबिकोत, तिघींबरोबर एका बेसमेंटमध्ये राहून मी नकाशे बनवण्याचा डिप्लोमा केला. मग काही महिने शेजारच्या वॉनमधल्या एका गोदामात खोक्यांवर लेबलं लावली. त्या काळात जिथे नकाशाचं काम दिसेल तिथे अप्लाय करत राहिले. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. गावाचा आणि भोवतालच्या शेतजमिनीचा कारभार पाहणारं एक छोटं ऑफिस. त्यात दोन माणसं, तिसरी मी.

बेसमेंटमधली मैत्रीण फोनवर म्हणाली, “अगं, तिथे इंडियन ग्रोसरी तरी मिळते का?”

“नाही.”

“मग तिथे आहे काय?”

मी विषय बदलला. पण प्रश्न डोक्यात राहिला. इथे आहे काय, आणि जे आहे ते इथेच का आहे? आमच्या खानदेशात गाव नदीकाठी तरी असतं, नाहीतर बाजाराच्या वाटेवर, नाहीतर एखाद्या देवळाभोवती. इथे नदी नव्हती, टेकडी नव्हती, जवळपास झाडंही माणसांनी लावलेलीच. मी सुट्टीच्या दिवशी गावातून चालायचे. पंधरा मिनिटांत गाव संपायचं आणि मी गव्हाच्या कापलेल्या शेतासमोर उभी असायचे. वाऱ्यामुळे जास्त वेळ उभं राहवत नसे.

ते इथेच का आहे, याचं उत्तर सोपं निघालं. रेल्वेने ठरवलं म्हणून. आधी रूळ आले, मग गाव आलं. दर आठ-दहा मैलांवर एक स्टेशन, कारण घोडागाडीत धान्य भरून आलेल्या शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता आलं पाहिजे, आणि वाफेच्या इंजिनालाही अधूनमधून पाणी लागायचं. गावाचा आराखडासुद्धा रेल्वेनेच काढला आणि तोच पुढच्या गावांना लावला. रूळ, रुळाला समांतर रेल्वे अव्हेन्यू, स्टेशनच्या दारातून निघणारा मेन स्ट्रीट, आणि रुळाच्या कडेला धान्याचा एलेव्हेटर. एलेव्हेटर म्हणजे इथे लिफ्ट नव्हे, धान्य वर चढवून साठवायचं उंच लाकडी कोठार. आमच्या गावातलं आता पाडलेलं आहे. त्याच्या जागी नुसता सिमेंटचा चौथरा आहे. स्टेशनही नाही. मालगाड्या मात्र जातात, दोन-दोन मैल लांब, आणि न थांबता.

गावांची नावंसुद्धा रेल्वेने एका बैठकीत उरकल्यासारखी दिली होती. या मार्गावरच्या स्टेशनांची नावं ए, बी, सी, डी अशी ओळीने लागतात. झेड आलं की पुन्हा ए. हे मला ऑफिसातल्या भिंतीवरच्या जुन्या नकाशावर बोट फिरवताना लक्षात आलं. तोवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण इथल्या कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. मी त्या संध्याकाळी पप्पांना फोन केला.

“म्हणजे शाळेतल्या हजेरीपटासारखं,” पप्पा म्हणाले.

“हो.”

“बरंय की. पुढचं स्टेशन कोणतं ते गार्डाला लहानपणापासून पाठ. आपल्याकडे असं केलं असतं तर तुझी पंचाईत झाली असती. सांग बरं, थ नंतर काय?”

मी मनातल्या मनात क पासून सुरुवात केली. “द,” मी म्हणाले.

“तोवर गाडी दोन स्टेशनं पुढे गेली, माय.”

पप्पा भुसावळला रेल्वेत होते. आधी की-मन, म्हणजे ठरलेल्या अंतरातल्या रुळावरून रोज पायी चालत जाऊन रूळ घट्ट धरणाऱ्या, ढिल्या झालेल्या लोखंडी चाव्या हातोडीने ठोकून बसवणारा माणूस. नंतर ते गँगचे मुकादम झाले. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, भिंतीवर काळ्या रंगात नंबर. ‘क्वार्टरला रंग द्यायला माणसं आलीत’, ‘त्यांना मोठं क्वार्टर मिळालं’, ‘रिटायर झाले, क्वार्टर सोडलं’, असं आमच्याकडे दिवसभर कानावर पडायचं. या शब्दाचा दुसरा एक अर्थ बाटलीशी संबंधित होता आणि तो घरात उच्चारायला आईची बंदी होती. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, पण हा शब्द मी शाळेत नाही शिकले. घरी शिकले. म्हणून तो मला मराठीच वाटायचा. पप्पा रिटायर झाल्यावर आम्हीही क्वार्टर सोडलं. आईपप्पा आता जळगावला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पुढची चूक.

गावाच्या हॉलमध्ये एक मोठा नकाशा लावायचं ठरलं होतं. गाव वसलं तेव्हापासून कोणतं कुटुंब कुठे राहत होतं, ते दाखवणारा. त्यासाठी चार-पाच जणांची समिती होती आणि नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. कुटुंबांनी माहिती भरून द्यायचा एक फॉर्म होता. त्यात तीन रकाने: कुटुंबाचं नाव, सेक्शन, क्वार्टर. फॉर्म मी येण्याआधीच छापलेला होता. मला यायला जेमतेम आठवडा झाला असेल, तेव्हा एक बाई ऑफिसात आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, हातात काठी. नवरा गेल्यावर त्या शहरातून इथे म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या छोट्या घरांपैकी एकात परत राहायला आल्या होत्या. लहानपण त्यांचं इथेच गेलं होतं.

“हात थरथरतो,” त्या म्हणाल्या. “तू लिही.”

मी नाव लिहिलं. “सेक्शन?”

“माझे वडील सेक्शन फोरमन होते. इथून पश्चिमेला पुढच्या गावापर्यंतचा रूळ त्यांच्याकडे.”

हे मला लगेच कळलं. त्या गावात आल्यापासून काहीतरी लगेच कळण्याची ती पहिलीच वेळ. सेक्शन म्हणजे रुळाचा एक तुकडा, तो सांभाळणारी गँग, आणि गँगचा मुकादम. त्या मुकादमाची मुलगी होत्या. मी सेक्शनच्या रकान्यात तसं लिहिलं.

“क्वार्टर?” मी विचारलं.

त्या थांबल्या. “क्वार्टर नव्हतं ना आमच्याकडे. आम्ही कंपनीच्या घरात राहायचो. सेक्शन हाऊस.”

“म्हणजे रेल्वे क्वार्टर,” मी म्हणाले आणि लिहून टाकलं.

त्यांनी कागद जवळ घेऊन वाचला. “असं लिहिलेलं चालतं?”

“हो,” मी म्हणाले. इतक्या खात्रीने मी तोवर कॅनडात काहीही बोलले नव्हते.

मग हिवाळा आला. मी दारातला बर्फ फावड्याने काढायला शिकले, सेकंडहँड गाडी घेतली, तिला विंटर टायर्स लावले, आणि सकाळी ऑफिसात बसून जमिनीच्या मोजणीचे जुने नकाशे वाचू लागले. ही मोजणी मला फार आवडली. रूळ येण्याआधी सर्व्हेवाल्यांनी सगळा मुलूख चौकोनांत कापला होता. एक मैल लांब, एक मैल रुंद, तो एक सेक्शन. असे छत्तीस मिळून एक टाउनशिप. त्या छत्तिसांचे आकडे एका टोकापासून सुरू होतात, ओळ संपली की वळतात आणि दुसऱ्या दिशेने जातात, नांगर वळवावा तसे. सेक्शनचे चार भाग केले की प्रत्येक भाग एक क्वार्टर, एकशे साठ एकर. सरकारने नव्याने येणाऱ्या शेतकऱ्याला दिला तो हा तुकडा. लोक अजूनही ‘आमचं घरचं क्वार्टर’, ‘मामाचं क्वार्टर’ म्हणतात, तेव्हा त्यात घर असतंच असं नाही. कधीकधी नुसता गहू असतो.

गावाच्या पूर्वेला एकच रस्ता तिरका जातो. बाकी सगळे सरळ उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम. मी विचारत विचारत गेले तेव्हा कळलं की तो मोजणीच्या आधीचा आहे, इथे आधीपासून असलेल्या लोकांच्या गाड्यांची आणि घोड्यांची वाट. चौकोनांनी तो जागोजागी तोडला, पण तेवढा एक तुकडा कसा कोण जाणे राहिला. नकाशावर तो बघताना कुणीतरी वहीच्या ओळी ओलांडून लिहिलंय असं वाटतं.

तर, क्वार्टरचा इथला अर्थ मला महिन्याभरात कळला होता. पण तो फॉर्म डोक्यात आला नाही. फेब्रुवारीत मी कुटुंबांची यादी जमिनीच्या नकाशाशी जोडली. कॉम्प्युटरने एकेक नाव त्याच्या चौकोनात बसवलं आणि शेवटी एक ओळ लाल करून दाखवली. या नावाला जागा सापडत नाही. मी ओळ वाचली. माझं स्वतःचं वाक्य होतं. कान तापल्याचं मला अजून आठवतं. खोलीत कुणी नव्हतं तरी.

त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. हॉलमध्ये दुपारी, कॉफी आणि चौकोनी कापलेली गोड वडी. अध्यक्ष एक निवृत्त शेतकरी होते, कायम एका बियाणं कंपनीची टोपी घालणारे. मी प्रोजेक्टरवर नकाशा दाखवला. लोक उठून पडद्याजवळ गेले, आपापला चौकोन शोधू लागले.

“सगळे आले?” अध्यक्षांनी विचारलं.

“एक उरलंय,” मी म्हणाले.

त्यांनी पुढे वाकून लाल ओळ वाचली. “रेल्वे क्वार्टर? हे कुठून आलं? रेल्वेने गँगवाल्यांना क्वार्टर दिलं असतं तर माझे आजोबा गहू सोडून रूळ ठोकायला गेले असते.”

सगळे हसले. त्यात कुणाला हिणवण्याचा हेतू नव्हता. मीही थोडी हसले.

“सेक्शन गँग येत-जात असायच्या,” ते म्हणाले. “हा जमिनीचा नकाशा आहे. काढून टाक ते.”

“ओके,” मी म्हणाले.

चूक माझी होती हे मी सांगितलं नाही. ओळ मात्र काढली नाही. तिला वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं, म्हणजे काढल्यासारखंही झालं आणि नाहीही.

त्या बाई दर मंगळवारी यायच्या. आमच्या ऑफिसच्या एका कोपऱ्यात गावाची लायब्ररी आहे, तीन कपाटांची. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. ऐंशी वर्षांच्या बाईंना मला ते जमत नव्हतं, आणि दुसरं काही म्हणायची पद्धत नव्हती. म्हणून मी त्यांना हाकच मारत नसे. काही सांगायचं असलं तर उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचे.

“माझं नाव कुठे आलं?” त्यांनी विचारलं.

“काम चालू आहे.”

पुढच्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. गावाचा इतिहास. या बाजूला जवळपास प्रत्येक गावाचं असं एक पुस्तक असतं, गावकऱ्यांनीच मिळून लिहिलेलं. त्यातही कुटुंबं जमिनीच्या क्रमाने लावलेली होती. त्यांनी शाळेच्या एका फोटोचं पान उघडलं. तीन रांगांत मुलं, खाली नावं. दुसऱ्या रांगेत चौथी, वेण्या घातलेली मुलगी. तिच्या नावाच्या जागी लिहिलं होतं: ओळख पटली नाही.

“ही मी,” त्या म्हणाल्या. “हिच्यापुढचीचं नाव आहे, मागचीचं आहे. पुस्तक निघालं तेव्हा मी इथे नव्हते, आणि कुणाच्या लक्षात राहावं असं आमचं इथे काही नव्हतं. माझी आई रोज गँगच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायची. थंडीत रात्रीसुद्धा. ती माणसं बर्फ काढायची म्हणून या शेतकऱ्यांच्या धान्याच्या गाड्या सुटायच्या. आम्ही या पुस्तकात नाही. या वेळी तरी असावं, म्हणून मी फॉर्म भरला.”

मी उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मग सांगितलं. की फॉर्ममध्ये मी चुकीचं लिहिलं, की आमच्याकडे क्वार्टर म्हणजे नोकरीत मिळालेलं घर, की इथे ते जमिनीला म्हणतात हे मला माहीत नव्हतं, आणि की समितीने नाव काढायला सांगितलं आहे.

त्यांनी फोटोतल्या त्या मुलीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “मला तेव्हाच वाटलं होतं चुकतंय. पण तू इतकी ठाम होतीस.”

“सॉरी.”

“मला ऐकायला बरं वाटलं ते. आमचं क्वार्टर.” त्यांनी पुस्तक मिटलं. “घर अजून आहे, माहितीये ना?”

मला माहीत नव्हतं. मी समजत होते की पाडलं असेल. त्यांनी सांगितलं की इथे घरं पाडत कमी, ओढून नेतात जास्त. लाकडी घर, खाली मोठे ओंडके सरकवायचे, चाकांवर चढवायचं आणि शेतातून घेऊन जायचं. स्टेशनची इमारतही कुणीतरी अशीच नेली होती. सेक्शन हाऊस कंपनीने विकलं तेव्हा अध्यक्षांच्या वडिलांनी घेतलं. ते त्यांच्या अंगणात होतं.

“त्यांना माहीत आहे?” मी विचारलं.

“तो त्याला शेड म्हणतो. रस्त्यावरून दिसतं. मी इथे आल्यापासून येता-जाता बघते.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“काय बोलणार? तुझं गवत कापायचं यंत्र माझ्या बेडरूममध्ये आहे?”

त्या रविवारी मी पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच अडवलं, रुळांखालचे स्लीपर लाकडाचे आहेत की सिमेंटचे ते विचारायला. शेवटी म्हणाले, “मुकादमाचं घर नकाशात नाही? मग गाड्या काय आपोआप चालायच्या?”

“तेच ना.”

“मग बोल की त्यांच्याशी.”

“मला नाही जमत, पप्पा. सगळे बघतात.”

“मग लिही. इंग्रजी शाळेत कशाला घातलं होतं तुला?”

मी अध्यक्षांना ईमेल लिहिला. आधी दीड पान झालं. ते खोडून चार वाक्यं ठेवली. चूक माझी आहे. माझे वडील रेल्वेत होते आणि मी अशाच घरात वाढले. ते घर आमचं नव्हतं, पण आम्ही तिथेच राहायचो. आणि तुमच्या अंगणातली शेड ते सेक्शन हाऊस असू शकतं, असं फॉर्म भरणाऱ्या बाईंचं म्हणणं आहे. जेवणाच्या सुट्टीत पाठवला आणि लगेच वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले. बूट पायपुसण्यावर बराच वेळ पुसत राहिले.

“तुमच्याकडे क्वार्टर म्हणजे घर?”

“रेल्वेने दिलेलं.”

“आणि नोकरी संपली की?”

“सोडायचं.”

“हं.” त्यांनी टोपी मागे सरकवली. “ती शेड. माझे वडील तिच्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. ते कशाबद्दलच बोलायचे नाहीत म्हणा. फॉर्मवाली बाई खात्रीने सांगते?”

“हो.”

“मग तिला घेऊन ये. बर्फ गेला की.”

बर्फ मे महिन्याच्या सुरुवातीला गेला आणि चिखल राहिला. तेच आपला ट्रक घेऊन आम्हाला न्यायला आले. बाई पुढे बसल्या, मी मागे. वाटेत दोघं पावसाबद्दल बोलले. शेड पांढऱ्या रंगाची होती, लहान, उतरत्या छपराची. बाहेरून मला काहीच खास दिसलं नाही. आत गवत कापायचं यंत्र होतं, रंगाचे डबे, एक मोडकी सायकल. बाई दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांना भरून येईल आणि मी कुठे बघायचं ते ठरवून ठेवलं होतं.

“हे उलटं ठेवलंय,” त्या म्हणाल्या.

“काय?” अध्यक्ष म्हणाले.

“घर. हे दार रुळाकडे होतं, दक्षिणेला. तुझ्या वडिलांनी त्याचं तोंड उत्तरेला केलं. सगळा वारा आत येत असणार. हिवाळ्यात बर्फ भरतो ना इथे?”

“भरतो,” त्यांनी कबूल केलं.

“भरणारच. चूल त्या भिंतीला होती. धुराड्याचं भोक बघ, वर पत्रा ठोकलेला असेल.”

पत्रा होता. अध्यक्षांनी खिशातून चाकू काढला आणि बाहेर जाऊन कोपऱ्यातल्या एका फळीचा रंग खरवडू लागले. पांढरा, त्याखाली फिकट हिरवा, त्याखाली गडद तांबडा, विटेसारखा. ते चाकू हातात धरून बघत राहिले.

“स्टेशनचा रंग,” ते म्हणाले. “मी लहान असताना स्टेशन या रंगाचं होतं.” मग थोड्या वेळाने, “मी इतकी वर्षं याला चिकन शेड समजत होतो.”

“चिकन शेडला एवढी मोठी खिडकी कोण करतं?” बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी नाव नकाशात घ्यायला हरकत नाही म्हटलं. पण लगेच प्रश्न आला, की कुठे? ते म्हणाले की घर आता त्यांच्या क्वार्टरमध्ये आहे, तर त्यांच्या कुटुंबाच्या नावाखाली एक ओळ घालता येईल. ते त्यांनी खरंच मोठ्या मनाने सांगितलं.

“तुझ्या चौकोनात नको,” बाई म्हणाल्या. “रुळाजवळ हवं. जिथे होतं तिथे.”

“तिथे कुणाचा चौकोन नाही. रेल्वेची पट्टी आहे.”

“तीच.”

मग नेमकी जागा शोधायला आम्ही रुळापाशी गेलो. पप्पांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की मुकादमाच्या घराआधी हत्यारांची खोली शोध. मुकादमाला हत्यारं नजरेसमोर लागतात. क्रॉसिंगच्या पश्चिमेला, कुंपणाबाहेर, गवतात कोळशाच्या राखेचा आणि खडीचा एक काळपट चौकोन दिसला, गँगची ट्रॉली रुळावर ढकलण्याइतक्या अंतरावर. हत्यारांची खोली इथेच असणार म्हणून मी तो दाखवला. बाईंनी मान हलवली आणि तिथून उत्तरेला पावलं मोजत गेल्या. मधेच थांबल्या. मेलेल्या गवतातून रुबार्बचे लालसर कोंब वर आले होते. जाड देठाची ही भाजी इथे लोक साखर घालून खातात.

“मागच्या दाराशी होतं हे,” त्या म्हणाल्या. “आईने लावलेलं.”

“रुबार्ब मरत नाही,” अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात मालगाडी आली. तिच्या आवाजात बोलता येईना, म्हणून आम्ही तिघं नुसते उभे राहिलो. मी डबे मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. गाडी गेल्यावर मी फोनवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून घेतले.

नकाशावर रेल्वेची पट्टी फार बारीक होती. सगळे चौकोन रंगीत, त्यांच्यामधून जाणारी ती एक पांढरी रेघ. नाव आडवं बसेना, रुळाच्या कडेनेच लिहावं लागणार होतं. पुढच्या मंगळवारी मी बाईंना माझ्या खुर्चीशेजारी बसवलं आणि स्क्रीनवर जागा दाखवली.

“नाव फॉर्मवर आहे तसंच ना?” मी विचारलं.

त्यांनी वाकून स्क्रीनवरची ती पांढरी रेघ बघितली. मग म्हणाल्या की ते नाव कंपनीचं होतं. वडील युक्रेनमधून आले तेव्हा पगारपत्रक लिहिणाऱ्या कारकुनाला त्यांचं आडनाव झेपलं नाही, त्याने अर्धं कापून टाकलं. पुढे शाळेत, पत्रांवर, सगळीकडे तेच चाललं. पूर्ण नाव फक्त घरात होतं.

“मग कोणतं लिहू?”

त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. बाहेर कुणीतरी पार्किंगमध्ये गाडी लावली, दार आपटलं, आत येऊन पाण्याचं बिल भरून गेलं. मी स्क्रीनकडे बघत बसले. माझ्या मनात एक उत्तर होतं, पण ते द्यायचा मला अधिकार नव्हता.

“कंपनीचं नको,” त्या शेवटी म्हणाल्या. “कंपनीचं घर तर लिहितोच आहोत.”

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, मी टाइप केलं. दोनदा त्या थांबल्या, कारण ते नाव त्यांनी लग्नाआधीपासून लिहिलेलं नव्हतं. नाव लांब निघालं. रुळाच्या कडेने सरकत ते क्रॉसिंग ओलांडून पलीकडे गेलं आणि मेन स्ट्रीटच्या तोंडाशी पोचलं.

“अक्षर लहान करू का?” मी विचारलं.

“नको,” त्या म्हणाल्या.